मुहूर्ताचं विकायचं नाही

जगाची भाऊबीज गुरुवारी झाली, दांडिया बाजारातल्या सुर्व्यांची मंगळवारी. त्याला इलाज नव्हता. संयोगिताच्या सुरतच्या घरी तिच्याच दोन नणंदा भावाला ओवाळायला म्हणून आल्या, त्या रविवारपर्यंत हलल्या नाहीत. "नणंद या जातीला वेळेचं भान म्हणून नसतं," असं माहेरी पाऊल टाकताच तिनं जाहीर केलं आणि मग स्वतः वहिनीच्या ओट्याला टेकून तासभर गप्पा मारत उभी राहिली.

मिताली पुऱ्या तळत होती. एक डोळा कढईवर, एक घड्याळावर.

"वहिनी, ही पुरी नाही, पापड झालाय."

"होऊ दे."

"काय झालंय तुला? सकाळपासून तीनदा बाबांकडे जाऊन आलीस. काय मागत होतीस?"

"काही नाही गं. फोन हवा होता त्यांचा."

"बाबांचा फोन?" संयोगिता हसली. "त्यापेक्षा त्यांची मिशी माग. ती देतील."

खरंच होतं ते. बळवंतराव एस.टी.तून डेपो मॅनेजर म्हणून निवृत्त झाले त्याला चौदा वर्षं झाली, पण खिशातला फोन ते अजून कंट्रोल रूमच्या किल्ल्यांसारखा सांभाळत. आणि मितालीला तो फोन साडेतीनच्या आत हवा होता. साडेतीनला शेअर बाजार बंद व्हायचा.

त्याचं असं झालं होतं. गेले चार महिने मिताली बेकरीच्या क्लासला जात होती, असं घरात सगळे समजत होते. चार महिन्यांत घरात एक नानखटाई आली नाही, तरी कुणाला शंका आली नाही. सुनेचा हातगुण म्हणून सगळे गप्प बसले. ती जात होती रावपुऱ्यात केयूरभाईंच्या क्लासला. तिथे बारा बायका आणि तीन पेन्शनर ऑप्शन ट्रेडिंग शिकत. शाळेत गणितात पहिली येणाऱ्या मुलीनं लग्नानंतर वीस वर्षं फक्त दुधाचे हिशेब केले होते. फळ्यावर केयूरभाईंनी पहिला आलेख काढला तेव्हा तिला अगदी भरून आलं. चार महिने तिनं नुसतं वहीत लिहून ट्रेडिंग केलं. मग खरा सौदा करायची वेळ आली, तर तिच्या नावावर उत्पन्नाचा कागद नाही, म्हणून सौद्याचं खातंच उघडेना. सासऱ्यांचं खातं मात्र होतं. पेन्शन होती. तिनं गोड बोलून कागद भरून घेतले, "बाबा, यंदा मुहूर्ताला मी सांगते ते घ्याल?" म्हणून विचारलं, आणि बळवंतराव म्हणाले, "सूनबाई, घेऊ की."

लक्ष्मीपूजनाला बाजार मुहूर्तापुरता तासभर उघडतो. त्या तासात बळवंतरावांनी फोनला हळदकुंकू लावलं, टोपी घातली, पूर्वेला तोंड केलं आणि सूनबाईनं दाखवलेलं बटण स्वतःच्या अंगठ्यानं दाबलं. एका मोठ्या सिमेंट कंपनीचा चौदाशेचा कॉल, पाचशेचा लॉट, बारा रुपयांनी. सहा हजार रुपये, मितालीनं घरखर्चातून साठवलेले. इथवर सगळं ठीक होतं.

तिच्या लक्षात एकच गोष्ट राहिली नाही, आणि ती लक्षात न राहणं फक्त सुर्व्यांच्या सुनेलाच महागात पडू शकत होतं. या घरात मुहूर्ताला घेतलेली वस्तू विकत नाहीत. खापरपणजोबा गायकवाडी फौजेत शिलेदार होते. शिलेदाराचं घोडं स्वतःचं. त्यांनी दसऱ्याला घेतलेली घोडी चांगला भाव आला म्हणून दिवाळीआधी विकली आणि महिन्याभरात दुसऱ्या घोडीनं त्यांची कंबर मोडली. घोडी पाडायचीच, त्यात मुहूर्ताचा काय संबंध, हे दीडशे वर्षांत कुणी विचारलं नाही. म्हणून गॅलरीत एकोणनव्वदच्या पाडव्याची स्कूटर उभी होती, जुन्या वॉशिंग मशीनमध्ये कांदे राहत होते आणि कपाटात तीन मेलेल्या कंपन्यांचे शेअर होते, त्यांना दर दिवाळीला कुंकू लागायचं.

आणि ऑप्शन ही अशी वस्तू, की जी ठरल्या तारखेला मरते. तारीख आजची होती.

---

समरजितला बहिणीनं ओवाळलं, समरजितनं ताटात पाकीट टाकलं, संयोगितानं ते तिथल्या तिथे उघडून बघितलं आणि "दादा, गेल्या वर्षीचाच भाव का रे?" म्हणाली. मग पानं मांडली. बासुंदीची दुसरी वाटी चालू असताना मितालीचा फोन वाजला. तिच्या हाताला पीठ, म्हणून समरजितनं उचलला आणि सवयीनं स्पीकर लावला.

"मितालीबेन! वेची नाख्युं के नहीं?" विकून टाकलं की नाही असं विचारणारा केयूरभाईंचा आवाज पंगतभर घुमला. "आजे एक्स्पायरी छे, बेन! नहीं वेचो तो डिलिव्हरी आवशे, सात लाख भरवा पडशे! हलो? हलो?"

समरजितनं फोन बंद केला.

"हे बेकरीवाले?" मितालीच्या सासूबाईंनी, इंदिराबाईंनी, विचारलं.

मितालीनं पदराला हात पुसले आणि सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं उरलंच नव्हतं.

"सट्टा!" समरजित उठून उभा राहिला. तो मकरपुऱ्याला एका कारखान्यात पर्चेस बघायचा. पाच पैशांच्या खिळ्यालाही तीन कोटेशनं मागवणारा माणूस. "माझ्या बायकोनं, माझ्या बापाच्या खात्यावर, सट्टा? अगं, मला एका शब्दानं—"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तीन कोटेशनं मागितली असती."

"बरोबर आहे दादाचं," संयोगिता म्हणाली. तिला मजा येत होती. वहिनी चुकली हे बघायला ती सुरतेहून पायी आली असती. "आमच्याकडे एकानं असंच केलं, गाडी विकावी लागली."

"किती बुडाले?" बळवंतरावांनी विचारलं. आवाज डेपोतला, गाडी पंक्चर झाल्याची वर्दी घ्यावी तसा.

"बुडाले नाहीत, बाबा. वाढलेत. बाराचा भाव चौऱ्याऐंशी झालाय. सहा हजारांचे बेचाळीस हजार झालेत."

समरजित खाली बसला.

"बेचाळीस?"

"हो."

"आठवड्यात?"

"हो."

"मग..." त्यानं घसा साफ केला. "मग एवढं काय ते. बायको कुणाची आहे! विकून टाक ना."

"तेच तर. साडेतीनच्या आत विकायला हवं. फोन बाबांचा, अंगठा बाबांचा."

सगळ्यांनी बळवंतरावांकडे बघितलं. बळवंतरावांनी बासुंदी संपवली, मिशी पुसली, शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

"मुहूर्ताचं विकायचं नाही," ते म्हणाले.

---

इंदिराबाई नवऱ्याच्या बाजूनं होत्या. म्हणजे सुरुवातीला. बेकरीचं खोटं त्यांना लागलं होतं. चार महिने त्या शेजारणीला सांगत होत्या की सून केक शिकतेय. "खोटं बोलून घेतलेलं आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे तसंच. सहा हजार गेले तर गेले, अद्दल घडेल."

"आई, सहा हजार नाही जाणार. तेच तर सांगतेय!" मिताली त्यांच्यासमोर बसली. "हे बानाखतासारखं आहे. फ्लॅटसाठी आपण बाना देतो ना? अमुक तारखेपर्यंत अमुक किमतीला मी घेईन, असा कागद होतो. आपण सहा हजार बाना दिलाय. पाचशे शेअर चौदाशेनं घ्यायचा हक्क. तो हक्क आज दुसऱ्याला विकला तर बेचाळीस हजार मिळतात. नाही विकला, तर साडेतीन वाजता ते समजतात की आपल्याला खरोखरच घ्यायचेत. मग सात लाख भरून पाचशे शेअर घ्यावे लागतात."

हे तिनं फार छान समजावलं. केयूरभाईंनी टाळ्या वाजवल्या असत्या. घोटाळा तिथेच झाला. बळवंतराव ताठ झाले.

"म्हणजे आपण बाना दिलाय."

"हो, बाबा."

"माझ्या अंगठ्यानं. टोपी घालून."

"हो, पण—"

"मग घ्यायचं! सुर्वे बाना देऊन मागे फिरत नाहीत. अरे, काय समजलात काय? गावात तोंड दाखवायचंय मला!"

"बाबा, समोर कोण आहे तेसुद्धा आपल्याला माहीत नाही."

"तेच वाईट. ओळखीचा असता तर समजून घेतलं असतं. परक्याला दिलेला शब्द मोडायचा?"

"शब्द आपण नाही दिला, त्यानं दिलाय. आपण फक्त—"

"समर! बँक चारपर्यंत उघडी असते. एफ.डी. मोड."

आता पंगतीत खरोखर कुणी जेवत नव्हतं. सुर्व्यांकडे एफ.डी. एकच होती, साडेसात लाखांची. ती इंदिराबाईंच्या गुडघ्यांची होती. दोन्ही गुडघे बदलायचे होते, देवदिवाळीनंतरच्या सोमवारची तारीख मिळाली होती, खोलीसुद्धा ठरली होती. गेली तीन वर्षं इंदिराबाई खंडेराव मार्केटला गेल्या नव्हत्या. भाजी फोनवरून यायची आणि त्या फोनवरच्या भाजीशी भांडायच्या.

संयोगितानं मनाशी झटकन हिशेब केला. आईचे गुडघे झाले नाहीत तर आई सुरतला तिच्याकडे राहायला येणार नाही; आई आली नाही तर नणंदा येणार. ती उठून मितालीच्या शेजारी जाऊन बसली.

"वहिनीचं बरोबर आहे," ती म्हणाली.

"तू आत्ताच म्हणालीस—"

"दादा, मी सुरतला राहते. आमच्याकडे विचार लवकर बदलतात."

"बाबा, एक मार्ग आहे," समरजित म्हणाला. त्याच्यातला पर्चेसवाला जागा झाला होता. "आज सात लाख भरू, शेअर घेऊ. बाना पाळला. उद्या सकाळी शेअर विकून टाकू, पैसे परत एफ.डी.त."

"कसे विकू?" बळवंतराव म्हणाले. "मुहूर्ताचे ना ते?"

समरजितनं कपाळावर हात मारला.

मितालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सासूसमोर गेली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं बोलून गेली. "आई, मी चुकले. तुम्हाला फसवायचं नव्हतं हो. वीस वर्षांनी मला काहीतरी येत होतं, एवढंच. तुमच्या गुडघ्यांना हात लागला तर मी या घरात तोंड वर करून वावरू शकणार नाही."

इंदिराबाईंनी तिच्याकडे बघितलं. ही पोरगी रोज रात्री त्यांच्या गुडघ्यांना तेल लावून द्यायची. कधी सांगावं लागलं नव्हतं. घड्याळात तीनला पाच कमी होते. समरजित पायताण शोधत होता, सावकाश, सापडू नये अशा बेतानं.

"अहो," इंदिराबाई म्हणाल्या. "विका ते."

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे. माझेच गुडघे आहेत."

"गुडघ्यांचं बघू पुढच्या वर्षी. घरावर अवकळा आली तर कोण निस्तरणार? दीडशे वर्षं या घरात मुहूर्ताचं एक चमचाभर काही विकलं गेलं नाही. माझ्या हातून ते सुरू होणार नाही."

"नाहीच होणार," इंदिराबाई म्हणाल्या. "माझ्या हातून कधीच झालंय."

---

बळवंतराव ऐकत होते, पण त्यांना अर्थ लागत नव्हता. बायको भिंतीला धरून उठली, दुखऱ्या गुडघ्यांनी देवघरापर्यंत गेली, आणि फडताळातून स्टीलचा डबा घेऊन आली. तो डबा त्यांच्या चांगल्याच ओळखीचा. लग्नाच्या वर्षापासून दर दसऱ्याला ते सराफाकडून दोन ग्रॅमचं वेढणं आणत, घरची लक्ष्मी ते आपल्या हातानं डब्यात ठेवी, मग ते डबा दोन्ही हातांनी उचलून वजन बघत आणि म्हणत, "जड झालाय हं." उघडायचा मात्र त्यांनी नाही, तशी पद्धत होती.

इंदिराबाईंनी डबा उघडून पंगतीत उपडा केला. लोखंडी वजनं घरंगळली. पन्नास ग्रॅमची, शंभरची, एक पावशेराचं जुनं.

"वाडीत त्या वाण्यानं दुकान बंद केलं ना, तेव्हा मोडीच्या भावात घेतली," त्या म्हणाल्या. "दरवर्षी एकेक टाकत गेले. नाहीतर तुम्हाला जड कसं लागणार?"

"सोनं?" बळवंतरावांच्या तोंडून एवढंच आलं.

"अठ्ठ्याण्णवला समरची कॉलेजची फी. तुमचा पगार संपामुळे अडला होता, आणि तुम्ही कुणाकडे मागणार नव्हतात. दहा ग्रॅमला चार हजार चालला होता. सराफ एकोणचाळीसशे म्हणत होता, मी अर्धा तास दुकानात बसून राहिले, चार हजार पन्नास घेतले. मग संयोगिताचं बाळंतपण अडलं तेव्हा, चौदा हजार आठशे. तुमचं हृदय. मग परत जमवलं, ते नातीच्या होस्टेलला, एकतीस हजार. तिथे जरा घाई केली. आठ दिवस थांबायला हवं होतं."

समरजित हातात एक चप्पल घेऊन उभा होता. चार हजार पन्नासच्या भावानं विकलेल्या सोन्यावर आपण इंजिनिअर झालो, हे त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. संयोगिताला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"आणि अवकळा?" इंदिराबाई म्हणाल्या. "पोरगा शिकला. पोरगी आणि नात दोघी वाचल्या. तुम्ही रोज दोन वाट्या बासुंदी पचवताय. कुठं आहे अवकळा, दाखवा मला."

बळवंतराव एक वजन उचलून हातात फिरवत बसले. त्यांना राग यायला हवा होता. पन्नास वर्षांच्या सवयीनं त्यांनी तो शोधलाही. पण सापडली ती नुसती शरम. एवढी वर्षं आपण डेपो चालवत होतो, आणि घर कोण चालवत होतं ते आज कळलं. त्यांनी खिशातून फोन काढला, त्यावर अंगठा ठेवला, आणि उघडलेला फोन बायकोच्या हातात दिला.

"तूच विक," ते म्हणाले. "तुला सवय आहे."

तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. मितालीनं धावत सासूचा चष्मा आणला आणि बटण दाखवलं.

"इथे दाबायचं, आई. हं, दाबा."

"थांब. भाव काय चाललाय?"

"ब्याऐंशी."

"मघाशी चौऱ्याऐंशी म्हणालीस."

"तो हलतो, आई. सारखा हलतो. दाबा."

"हलतो ना? मग चढू दे."

"आई!" समरजितचा आवाज चिरकला. "साडेतीनला बंद होतं! सात लाख!"

"ओरडू नकोस. गिऱ्हाइकाला आपली घाई दिसली की भाव पडतो."

"गिऱ्हाइकाला आपण दिसत नाही, आई!"

एकोणऐंशी झाला. संयोगितानं डोळे मिटून घेतले. मिताली देवाचं नाव घेत होती, आणि त्यात मधेच आकडे म्हणत होती. ऐंशी. एक्क्याऐंशी. इंदिराबाई चष्म्यातून फोनकडे अशा बघत होत्या, की जणू पलीकडे सराफच गादीवर बसलाय. तीन बावीस. पंच्याऐंशी. तीन चोवीस.

"अठ्ठ्याऐंशी," मिताली कुजबुजली.

"आता," इंदिराबाई म्हणाल्या आणि दाबलं.

फोनवर हिरवी पट्टी आली. अठ्ठ्याऐंशीनं पाचशे विकले गेले. चव्वेचाळीस हजार. मितालीनं सासूला मिठीच मारली. समरजितनं हातातली चप्पल खाली टाकली आणि दोनदा म्हणाला, "केयूरभाईंना फोन लाव, आईला क्लासला घालू." पलीकडून संयोगिता विचारत होती की माहेरवाशिणीला यातलं काही मिळतं का. मघाशी मेलेली पंगत पुन्हा बोलू लागली, बासुंदीचं भांडं फिरलं.

बळवंतराव मात्र अजून वजनाशीच खेळत होते. सगळे जरा शांत झाल्यावर त्यांनी बायकोकडे न बघता विचारलं, "सगळ्यांचे भाव सांगितलेस. माझ्या बायपासच्या वेळी काय भाव आला होता?"

इंदिराबाई पदरानं चष्मा पुसत होत्या.

"त्या दिवशी विचारला नव्हता," त्या म्हणाल्या.